बाहुलीआडचं पाणी

भालकी-औरादकडची म्हातारी दवाखान्यात जाऊन मन खचलंय असं सांगत नाही. ती सांगते, झोप येईना. घास गिळवंना. पाठीतनं कळ येतीय, हातपाय गळाल्यागत वाटतंय, छातीत धडधड होतीय. डॉक्टर विचारतात, "आणखी काय होतंय, अव्वा?" तेव्हा पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत ती म्हणते, "काय नाही बाबा. करमंना झालंय." एवढ्यावर ती थांबते. त्यापुढचं ऐकणाऱ्यानं ओळखायचं असतं.

ओळखायला तसं पुष्कळ असतं. मांजरेच्या काठचा हा मुलूख. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि खाली कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दख्खनी. आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसांचा जन्म निजामाच्या राज्यातला. ते राज्य संपलं तो १९४८ सालचा सप्टेंबर त्यांनी आईच्या कडेवरून पाहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेले, भालकी आणि औराद आजच्या कर्नाटकात राहिले. कितीतरी बायकांचं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात पडलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन फाटली, तेव्हा इथलीही माणसं अंगणात धावली आणि मग सोयऱ्याधायऱ्यांच्या बातम्यांची वाट बघत बसली. पुढं पोरं शिकली आणि पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला गेली. वाड्यातल्या खोल्या एकेक करून कुलपात गेल्या. उरलेल्या एका खोलीत एक म्हातारं माणूस, एक टीव्ही, आणि रविवारी वाजणारा फोन.

भारतातल्या वृद्धांची मोठी राष्ट्रीय पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. तिच्यात साठीपुढच्या माणसांना लक्षणांबद्दल नीट प्रश्न विचारले, तेव्हा शंभरातल्या आठांहून अधिक जणांना नैराश्याचा आजार असावा असं दिसलं. आपल्याला डॉक्टरांनी असं निदान सांगितलंय, असं म्हणणारे मात्र शंभरात एकही भरले नाहीत. मधली सगळी माणसं कुठं आहेत? ती देवळाच्या ओसरीवर आहेत, बसस्टँडच्या बाकड्यावर आहेत, भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडलेली आहेत. घरचे म्हणतात, वय झालंय.

आमच्या भागात बिघडलेल्या मनाला न्यायची एक जागा फार जुनी आहे. अफजलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर, गाणगापूर. नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांसमोर महाराष्ट्रातून, तेलंगणातून, कर्नाटकातून घुसमटलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. तिथं कुणी ओरडलं, रडलं, घुमलं तरी कुणी हाकलत नाही. घराबाहेर आपल्या दुःखाला जागा मिळते, ही गोष्ट लहान नाही आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण अलीकडं त्याच वाटेवर दुसरीही एक जागा तयार झाली आहे. कर्नाटक शासनाच्या मनोचैतन्य योजनेत मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी चालते. बीदरला आणि कलबुर्गीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या नंबरावर टेलिमानसची मोफत सेवा आहे आणि तिथं बोलताना आपली भाषा निवडता येते. म्हणजे गोळी आता म्हातारीच्या उशापर्यंत पोचते. पोचलेली गोळी टिकते का, हा प्रश्न मला गेली काही वर्षं छळतो आहे. आणि ती न टिकण्याच्या कारणांत एक कारण असं आहे, की ज्याचा मनाशी काही संबंध असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. ते कारण म्हणजे डोळा.

काका गेल्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या मावशीनं अंथरूण धरलं. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. शेवटी तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं आणि गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात ती उठून बसायला लागली, वेणी घालायला लागली, शेजारणीला हाक मारून चहाला बोलवायला लागली. घरात उजेड आला. श्रावणात ती दरवर्षी 'हरिविजय' वाचते. त्या वर्षी पोथी उघडली आणि मिटून ठेवली. का गं म्हणून विचारलं तर म्हणाली, "अक्षरं एकमेकात शिरूलाल्यात. ओळ दिसती, शब्द सुटत नाही." डोळ्यात खडा गेल्यागत खुपतंय, असंही म्हणाली. आणि मग हळूच, "ही गोळी डोळं घेऊलालीय. मी सोडते आता."

अक्षरं धुरकट होण्यामागं काय घडतं ते मी तेव्हा समजून घेतलं, आणि मावशीचा अंदाज अगदी बरोबर आहे हे लक्षात आलं. बाहुलीभोवती एक गोल स्नायू असतो. तो आवळला की बाहुली लहान होते. आतल्या भिंगाला जवळच्या वस्तूसाठी फुगवणारा दुसरा एक स्नायू असतो. दोन्हींना हुकूम पोचवणारं रसायन एकच, ॲसिटिलकोलीन. नैराश्यावरच्या जुन्या धाटणीच्या गोळ्या, म्हणजे ॲमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन आणि त्यांची भावंडं, हा हुकूम अडवतात. बाहुली सैल पडते, तोंड कोरडं होतं, शौचाला साफ होत नाही, लघवी अडते. म्हातारपणी भिंग आधीच ताठर झालेलं असतं. तरीही कितीतरी वृद्ध चष्म्याच्या जोडीनं पोथी वाचतात, त्याचं एक कारण त्यांची बाहुली. वयाबरोबर ती बारीक होते आणि बारीक छिद्रातून दिसणारं चित्र रेखीव असतं. गोळीनं ती मोठी केली की म्हातारपणानं दिलेला हा आधारही निसटतो. उन्हात डोळे दिपतात, जवळचं पुसट होतं.

या गोष्टीची ओळख आमच्या शेतांना फार आधीपासून आहे. बांधावर, उकिरड्याच्या कडेला पांढरा धोतरा उगवतो. महादेवाला वाहतात तोच. धोतऱ्यातल्या द्रव्यांत ॲट्रोपीन आहे, आणि ते अडवतं तेही ॲसिटिलकोलीनच. धोतरा उपटताना हाताला चीक लागला आणि त्याच हातानं डोळा चोळला, तर त्या एका डोळ्याची बाहुली टपोरी होते आणि एक-दोन दिवस तशीच राहते. दिसणं भुरकट होतं, मग आपोआप ओसरतं. बांधावरच्या फुलानं जे केलं तेच मावशीच्या गोळीनं सौम्य हातानं आणि रोज केलं.

इमिप्रामीनचा उपयोग स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेन इथल्या रोलांड कून या डॉक्टरांच्या लक्षात आला. त्यांनी तो १९५७ साली प्रसिद्ध केला. ॲमिट्रिप्टिलीन त्यानंतर काही वर्षांतच आली. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटीनला परवानगी मिळाली, आणि पुढं सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारख्या नव्या गोळ्यांचा काळ सुरू झाला. त्या मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करतात आणि कोरडेपणाचा, अडवणुकीचा त्रास बऱ्याच कमी देतात. पण डोळ्याला त्याही पुऱ्या मोकळं सोडत नाहीत. बाहुली थोडी मोठी होऊ शकते, डोळे कोरडे पडू शकतात. पॅरॉक्सेटीनमध्ये जुन्या गोळ्यांचा गुण बराच उतरलेला आहे. व्हेन्लाफॅक्सीन, ड्युलॉक्सेटीन यांच्याही माहितीपत्रकात डोळ्याविषयीची सूचना असते. ते पत्रक बारीक इंग्रजीत छापलेलं असतं, आणि ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना आत्ता पोथीचीही अक्षरं लागत नाहीत.

खुपणं, भुरकटणं हा त्रास आहे. पण या सगळ्यात एक खरा धोकाही आहे आणि तो समजून घ्यायला मला बीदरच्या करेझची मदत झाली. जांभ्या दगडाच्या पठाराखाली बहमनी काळात खोदलेले हे पाण्याचे बोगदे. नौबादजवळ त्यांची कोरीव विवरं आजही दिसतात. झऱ्याचं पाणी उतारानं बोगद्यातून वाहायचं, शहराला पुरायचं आणि पुढं निघून जायचं. येणारं पाणी आणि जाणारं पाणी यांचा मेळ होता तोवर सगळं नीट होतं. गाळानं तोंड बुजलं की मागं पाणी तुंबणार. आपल्या डोळ्यातही असंच एक वाहतं पाणी आहे, अश्रूंहून वेगळं. ते बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या मागं तयार होतं, बाहुलीतून पुढच्या खोलीत येतं आणि पडदा जिथं डोळ्याच्या कडेला टेकतो त्या कोनातल्या बारीक जाळीतून निघून जातं. या पाण्याच्या दाबावर डोळ्याचा आकार टिकतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब ठीक धरतात.

काहींचा हा कोन जन्मतःच अरुंद असतो. वयाबरोबर भिंग जाड होतं, पडद्याला पुढं ढकलतं आणि कोन आणखी मिटत जातो. दूरच्या चष्म्याला अधिकचा नंबर असलेल्यांत, बायकांत, साठीपुढच्यांत आणि आपल्या आशियाई माणसांत असे डोळे जास्त आढळतात. अशा डोळ्याची बाहुली गोळीनं अर्धवट मोठी झाली, की पडदा चुरगळून कोनावर बसतो आणि वाट बंद होते. पाणी येत राहतं आणि जायला जागा नसते. काही तासांत दाब चाळिसाच्या, पन्नासाच्या पुढं चढतो. याला तीव्र काचबिंदूचा झटका म्हणतात. यात एका रात्रीत दृष्टी जाऊ शकते.

आमच्याकडं हा झटका ओळखला जात नाही, कारण तो दुसऱ्याच आजाराचा वेष घेऊन येतो. डोकं फुटायची वेळ येते, उलट्या होतात, अंगाला घाम सुटतो. घरचे म्हणतात, पित्त उसळलंय. आल्याचा रस होतो, लिंबूपाणी होतं, खोलीत अंधार करून झोपवतात. अंधारात बाहुली आणखी मोठी होते. म्हणून ही खूण घराघरात माहीत हवी. डोकं आणि डोळा एकदम दुखतोय, डोळा लाल झालाय, दिसणं एकाएकी पुसट झालंय, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसताहेत आणि सोबत उलट्या आहेत, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच्या रात्री डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्यायच्या. वेळेवर पोचलं तर औषधांनी दाब उतरवता येतो आणि मग लेझरनं पडद्याला बारीक छिद्र पाडून पाण्याला दुसरी वाट करून देता येते. दुसऱ्या डोळ्यालाही बहुधा तोच धोका असतो, म्हणून त्यालाही आधीच तशी वाट करून ठेवतात.

हा झटका नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत क्वचितच येतो, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. भीती घालून कुणाच्या हातची गोळी काढून घेणं हा दुसरा अपघात होईल. आणि ज्यांचा कोन उघडा आहे, ज्यांच्या साध्या काचबिंदूवर थेंब चालू आहेत, ज्यांचं लेझर झालंय किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जाडं भिंग निघालंय, त्यांना या गोळ्या बहुधा निर्धास्त घेता येतात. 'काचबिंदू आहे म्हणून मनाची गोळी नको' असा सरसकट नियम नाही. कोणता काचबिंदू, हे विचारायला हवं.

विचारणं अवघडही नाही. गोळी सुरू करण्याआधी चार प्रश्न पुरतात. घरात कुणाला काचबिंदू होता का? दूरच्या चष्म्याचा नंबर अधिकचा आहे का? संध्याकाळी दिव्याभोवती वलयं दिसून डोकं दुखतं का? डोळ्यात कधी लेझर केलंय का? आणि एक बॅटरी. कानशिलाच्या बाजूनं, डोळ्याला समांतर उजेड टाकायचा. पुढची खोली ऐसपैस असेल तर रंगीत पडदा नाकाच्या बाजूपर्यंत उजळतो. पडदा पुढं फुगलेला असेल तर नाकाकडं सावली पडते. सावली पडली तर नेत्रतज्ज्ञांनी कोन तपासल्याखेरीज गोळी सुरू करायची नाही. ही प्राथमिक चाचणी शिकवली तर तालुक्याच्या दवाखान्यातली कुठलीही नर्स करील. मंगळवारच्या ओपीडीत मला ती बॅटरी हवी आहे.

मनाची गोळी मनासाठीच दिलेली असते असंही नाही, आणि ही गोष्ट आमच्या घरांत फार कमी जणांना ठाऊक असते. ॲमिट्रिप्टिलीन मधुमेहातल्या पायाच्या आगीसाठी देतात, अर्धशिशीसाठी देतात, झोपेसाठी देतात. म्हातारा म्हणतो, ती माझी नसांची गोळी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, मानसिक आजाराची काही औषधं? तर तो म्हणतो, छे. त्याच माणसाच्या खिशात सर्दीची गोळी असते, वारंवार लघवीला होतं म्हणून दिलेली तिसरी गोळी असते, आणि तिन्ही मिळून बाहुलीला एकाच दिशेला ओढत असतात. १९९१ साली अमेरिकेतल्या मार्क बीअर्स या डॉक्टरांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. तिच्या आजच्या आवृत्तीत ॲमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन आहेत आणि पॅरॉक्सेटीनही आहे. कारण सगळा भार एकत्र येतो. बाहुली मोठी, दिसणं धूसर, उठताना रक्तदाब उतरलेला आणि रात्री परसाकडं जायची वाट. जुन्या वाड्यातला उंबरा उंच असतो. पडणं, खुब्याचं हाड मोडणं आणि पुन्हा अंथरूण, अशी ती साखळी असते.

मोतीबिंदूचीही भीती लोक घालतात. २०१० साली कॅनडातल्या संशोधकांनी क्युबेकमधल्या मोठ्या नोंदींचा अभ्यास करून सांगितलं, की सेरोटोनिनवरच्या गोळ्या घेणाऱ्यांत मोतीबिंदू साधारण १५ टक्क्यांनी जास्त आढळला. पण अशा नोंदींत धूम्रपानासारख्या गोष्टी नीट कळत नाहीत, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. मोतीबिंदूवर खात्रीचं ऑपरेशन आहे. उदगीरच्या लायन्स नेत्र रुग्णालयात, सोलापूरला, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत आमच्या भागातल्या कित्येक माणसांनी पुन्हा जग पाहिलंय. कोमेजलेल्या मनावर मात्र असं एका दिवसाचं ऑपरेशन नाही. तिथं गोळी लागते, माणसं लागतात, महिने लागतात.

त्याच २०१० साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधून आलेला एक अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो. नैराश्यातल्या माणसांच्या दृष्टिपटलाचे विद्युतसंकेत तिथल्या संशोधकांनी मोजले. काळ्यापांढऱ्यातला फरक टिपण्याची त्या दृष्टिपटलाची ताकद कमी भरली, आणि आजार जितका गाढ तितकी ती कमी. मावशी अंथरुणाला खिळली होती तेव्हा म्हणायची, सगळं राखुंडीगत दिसतंय. आम्ही ते मनाचं बोलणं समजत होतो. ते डोळ्याचंही असू शकेल. उलट बाजूनंही हे खरं आहे. ज्याची दृष्टी मंदावते, त्याचं मन खचण्याची शक्यता वाढते. ज्याला सून ओळखता येत नाही, तांदूळ निवडता येत नाही, दारातल्या माणसाला नावानं हाक मारता येत नाही, तो माणसांतून उठून कोपऱ्यात जातो. डोळा आणि मन असे एकमेकांत गुंतलेले असताना त्यांची तपासणी मात्र दोन इमारतींत होते, दोन फायलींत लिहिली जाते, आणि दोन्ही फायलींना एकमेकींचा पत्ता नसतो.

आमच्या सीमेवर या अंतरात आणखी भर पडते. म्हातारी सांगते मराठीत. बरोबरचा नातू ते हिंदीत करतो, दादी को धुंदला दिखता. डॉक्टर कन्नडमध्ये विचार करतात आणि इंग्रजीत लिहितात. या प्रवासात 'अक्षरं एकमेकात शिरूलाल्यात' याचं 'वयोमानानुसार दृष्टी कमी' होऊन जातं. ती ओळ वाचून पुढं कुणी गोळीचा विचार करत नाही. म्हातारी घरी येते, चुलत्याच्या सुनेला विचारते, देवळातल्या बाईला विचारते, आणि एक दिवस पट्टी फडताळात सारून ठेवते. कुणाला सांगत नाही. दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यागत झटके, चिडचिड. पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन एकदम सोडल्या तर हे जास्त होतं. मग ती म्हणते, बघा, गोळीनं किती विष अंगात साठवलं होतं. काही आठवड्यांनी जुनी उदासी परत येते. सगळं घर म्हणतं, औषधाचा काही उपयोग झाला नाही.

मला या घटनेचं दुःख सगळ्यांत जास्त वाटतं. उपयोग झाला होता. माणूस उठून बसलं होतं. त्याला पोथी वाचायची होती, एवढंच होतं.

मावशीच्या बाबतीत आम्ही गोळीच्या पट्ट्या, चष्मा आणि पोथी तिन्ही घेऊन दोन्ही डॉक्टरांकडं गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कोन तपासला, तो उघडा होता. तिच्या औषधांत रात्रीची एक जुनी गोळी होती, ती मनाच्या डॉक्टरांनी हळूहळू उतरवली आणि तिची जागा वेगळ्या गोळीला दिली. कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब आले. त्यांतही रोज अनेकदा घालायचे असतील तर टिकवण्याचं रसायन नसलेले थेंब बरे, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं. बंद पापण्यांवर कोमट फडक्याचा शेक सांगितला. मुद्दाम डोळे मिटायला सांगितले, कारण टीव्हीसमोर आणि पोथीसमोर माणूस पापणी लववायला विसरतो. नवा चष्मा लगेच करू नका, म्हणाले. गोळी सुरू झाल्यावर किंवा बदलल्यावर काही आठवड्यांत डोळा बऱ्याचदा रुळतो, त्यानंतर नंबर काढा. आम्ही खोलीतला मिणमिणता दिवा बदलला, परसाच्या वाटेवर रात्रीचा दिवा लावला. तुरीच्या राशीच्या दिवसांत, जेव्हा कलबुर्गीपासून भालकीपर्यंत सगळीकडं भुसा उडत असतो, तिला ओसरीऐवजी आत बसवायला लागलो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा बाहेर पडताना गॉगल. सुरुवातीला तिला लाज वाटली, मग शेजारणींना हेवा.

पोथीचा वेग पूर्वीचा राहिला नाही. ती आता एका बैठकीला थोडंच वाचते आणि उरलेलं माझ्याकडून ऐकते. पण ती वाचते, आणि गोळीही घेते.

हे सगळ्यांना मिळायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. २०१७ साली बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग सुरू झाला आणि हुमनाबाद, कमलापूरकडच्या माणसांचा मोठ्या दवाखान्यांकडं जाण्याचा रस्ता सोपा झाला. मंगळवारची ओपीडी आहे. गावागावांत आशाताई आहेत, त्यांना घरातल्या म्हाताऱ्यांची नावं तोंडपाठ असतात. डोळ्यांची शिबिरं होतात. कमी आहे ती या सगळ्यांना जोडणारी गोष्ट. प्रत्येक वृद्धाजवळ एकच कागद असावा, त्यावर सगळ्या गोळ्या लिहिलेल्या असाव्यात, नसांची असो, झोपेची असो, मनाची असो. तो कागद डोळ्यांच्या डॉक्टरांसमोरही ठेवावा आणि मनाच्याही. मनाच्या डॉक्टरांनी दर भेटीला डोळ्याविषयी विचारावं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी झोपेविषयी आणि भुकेविषयी विचारावं.

आणि घरच्यांनीही विचारावं. रविवारी फोन आला की आपण विचारतो, गोळी घेतली का? ती हो म्हणते. प्रश्न तिथं संपायला नको. पोथी दिसते का? सुईत दोरा ओवता येतो का? डोळ्यात खुपतं का? रात्री उठताना डोळ्यापुढं अंधारी येते का? आणि यातल्या कशाचंही उत्तर वाईट आलं तर पुढचं वाक्य असं असावं: गोळी तुझ्या मनानं सोडू नकोस, मावशी, आपण डॉक्टरांना सांगून ती बदलून घेऊ. बदलता येते. डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, दुसरं औषध देता येतं, थेंब देता येतात. आपल्या म्हाताऱ्या माणसांना डोळा की मन, अशी निवड कुणी करायला लावू नये. दोन्ही राखता येतात. ते राखणं त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर टाकू नये, एवढीच माझी मागणी आहे; आणि ती मी डॉक्टरांकडं जितकी करते, तितकीच दूरच्या शहरांत राहणाऱ्या लेकी-लेकांकडंही करते.